निळ्या खुर्चीची जागा

पहिला फेरा.

खुर्ची नव्हती.

सार्पोंगने ब्रेक दाबला, तसा मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्नवर हातच ठेवला. "ओ काका, झोप घरी काढा!"

अडुमच्या बाजारापासून दोन गल्ल्या अलीकडे, बोआदीच्या फाटकासमोर, बावीस वर्षं एक निळी प्लास्टिकची खुर्ची जागा धरून असायची. जमीन कचेरीतला कारकून सार्पोंग आला की घड्याळं दुरुस्त करणारा बोआदी उठायचा, खुर्ची उचलायचा. "या, फुकटे साहेब!" भर शहरात गाडी लावायला तेवढी एकच जागा फुकट.

शुक्रवारी खुर्ची उचलताना बोआदीने मध्येच दोनदा दम घेतला होता.

आज दोन्ही बाजूंना गाड्या खेटून उभ्या. मध्ये एका गाडीपुरती मोकळी जागा. आणि कुणीच तिच्यात शिरत नव्हतं.

सार्पोंगही शिरला नाही.

दुसरा फेरा.

समोर पोकुआ केळी भाजत होती. त्याने काच खाली केली. "बोआदी कुठंय गं?"

"गावाला गेलाय."

"कधी?"

"केळी देऊ का? गरम आहेत."

तिने मान वर केली नाही. निखाऱ्यांना वारा घालत राहिली. भावाशी भांडण झाल्यापासून बोआदीने अकरा वर्षांत गावाला पाऊल टाकलं नव्हतं. हे तिलाही माहीत होतं.

तिसरा फेरा त्याच्याच्याने झाला नाही. गाडी कोपऱ्यावर गटाराला तिरकी लावून तो चालत आला.

दाराशी तीन जोड जुन्या चपला. आत हलके, म्हाताऱ्या पुरुषांचे आवाज. बोआदीची सून सेर्वा पाणी घेऊन आली.

"बसा काका."

तो पाणी प्यायला. पेला परत दिला. आता ती म्हणणार, आमच्याकडे सगळं ठीक, तुमचं कसं येणं झालं? पाणी दिल्यावर हे विचारतातच. वैऱ्यालाही विचारतात.

सेर्वा पेला घेऊन उभी राहिली. तिने विचारलं नाही.

टेबलावर सात घड्याळं. सातही चालू.

"बोआदी?"

"डोकं दुखतंय त्यांचं."

"पोकुआ म्हणाली, गावाला गेलाय."

"हो. गावाला." तिने रिकामा पेला दुसऱ्या हातात घेतला. "मोठ्या काकांना निरोप धाडलाय. येतीलच ते गाडीने."

कुळातल्या थोरल्याच्या कानावर घालेपर्यंत इथे कुठल्याच घरात कुणी मेलेलं नसतं. कुणी रडायचं नसतं. सार्पोंगने स्वतःच्या घरी दोनदा हे पाळलं होतं.

"खुर्ची कुठंय?"

"आत. कशाला?"

"थोरल्यांची गाडी कुठं लागणार?"

त्याने खुर्ची मोकळ्या जागेत नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसला.

"काका, उठता का? पाच मिनिटांचं काम आहे!" एक टॅक्सीवाला ओरडला.

"बोआदीची जागा आहे."

"मग बोआदी कुठंय?"

"गावाला गेलाय."

कोपऱ्यावर पालिकेची माणसं त्याच्या गाडीच्या चाकाला पिवळी जाडजूड कडी अडकवत होती. त्याने एकदा पाहिलं, मग समोर पाहत राहिला. पोकुआने कागदात एक केळं आणून दिलं. ते त्याच्या हातात थंड झालं.

दुपारी एक काळी गाडी गल्लीत वळली. मागच्या सीटवर काठीवर दोन्ही हात ठेवलेला म्हातारा. गाडी खुर्चीसमोर येऊन थांबली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही.

सार्पोंग उठला. खुर्ची अगदी हलकी होती. उचलताना त्याला मध्येच दोनदा दम घ्यावा लागला.