नाव घ्यावे लागेल

ज्या माळावर एके काळी दगडाबाईंची मेंढरे चरत, त्या वाळूजच्या माळावर आता कारखान्यांची छपरे चकाकत होती. पती निवर्तल्यावर कळप एकटीने सांभाळणे त्यांना झेपेना, आणि चारायला भूमीही उरली नव्हती. पोटी संतान नव्हते. निराधार विधवेला सरकार दरमहा साहाय्य देते असे कळले, तेव्हा त्यांनी शहरातल्या कचेरीची वाट धरली. त्या साहाय्यासाठी नाना दाखले लागत. दाखल्यामागे खेप, आणि खेपेमागे एकेक मेंढी विकली जाऊ लागली. मजुरी बुडे ती निराळीच. मागची खेप तर बंदमुळे एसटी अडकून वाया गेली. आता दाव्याला एकटी चंद्री मेंढी उरली होती.

आज त्या अखेरचा दाखला घेऊन आल्या होत्या. सोबतीला शेजारीण साळूबाई होती. कारकुनाने कागद चाळले आणि परत सरकवले.

"अर्जात मालकाचं नाव खंडू आहे, आजी. मृत्यूच्या दाखल्यावर दुसरंच आहे. तुमचा नवरा नेमका कोण?"

दगडाबाईंच्या ध्यानात आले. कचेरीबाहेर निंबाखाली बसणारे अर्जनवीस अप्पाराव यांनी अर्ज लिहिताना नाव विचारले होते. पतीचे नाव स्त्रीने उच्चारू नये, ही लहानपणापासूनची शिकवण. म्हणून त्या म्हणाल्या होत्या, "जेजुरीच्या देवाचं जे, तेच." देवाची नावे अनेक, अप्पारावांना जे पहिले सुचले, ते त्यांनी लिहिले.

"दाखल्यावर हाय तेच खरं, साहेब. तेवढं लिवून घ्या."

"मी कसं लिहू? तुमच्या तोंडून यायला हवं. नाहीतर उद्या कुणीही कुणाची विधवा होईल."

दगडाबाई भिंतीपाशी जाऊन बसल्या. साळूबाईने पाण्याची बाटली पुढे केली. तिचा थोरला लेक विद्यापीठाच्या नामांतरासाठी सत्याग्रहात तुरुंगात गेला होता.

"माझं पोरगं एका नावासाठी जेलात बसलंय, दगडे. आन् तुला सोताच्या नवऱ्याचं नाव जड झालंय व्हय?"

"तुझं पोरगं नाव लावाया गेलंय. मला रीत तोडाया लावत्यात."

"कोन तोडतंय? मेलेल्याला काय कळतंय?"

"मला कळतंय की."

साळूबाईने बाटलीचे बूच लावले. मग हळूच म्हणाली, "मंग लग्नात कसं घेतलंस?"

"लग्नातलं येगळं. त्ये उखान्यात व्हतं."

"मंग उखान्यात घे. कायदा उखान्याला नाय म्हनत नसंल."

दगडाबाई उठल्या. टेबलासमोर उभ्या राहून त्यांनी पदर सारखा केला, जणू मांडवातच उभ्या आहेत. डोळे मिटून, एका स्वरात त्या म्हणाल्या,

"भंडाऱ्यानं माखलं जेजुरीचं रान,
मल्हारीरावांचं नाव घेते, राखते पंचांचा मान."

रांगेतल्या दोन बाया तोंडावर पदर घेऊन हसल्या. दारातला शिपाई म्हणाला, "वा आजी, फिर एक बार!" कारकून मात्र हसला नाही. तरुण असला तरी घरी त्याचीही आजी असावी. त्याने खंडू हा शब्द तिरप्या रेघेने खोडला, वर मल्हारी लिहिले, आणि मग काहीसा संकोचून म्हणाला, "आता हेच साहेबांपुढं सांगायचं. दुरुस्तीवर त्यांची सही लागते."

"कुठं हायेत साहेब?"

"दौऱ्यावर. सोमवारी या."

सोमवार म्हणजे आणखी एक खेप. दगडाबाईंनी साळूबाईकडे पाहिले. दोघींच्याही मनात चंद्रीच आली.

"सोमवारी ह्योच उखाना म्हन," जिना उतरताना साळूबाई म्हणाली. "साहेब खूश होईल."

दगडाबाई कठड्याला धरून थांबल्या. खाली निंबाच्या सावलीत अप्पाराव कुणा नव्या बाईला नाव विचारीत होते, आणि ती बाई मान खाली घालून उभी होती.

"नको," त्या म्हणाल्या. "सोमवारी सरळच घेते. ज्याच्यासाठी त्ये नाव मनात राखलं व्हतं, त्यो न्हाई; आन् आज शिपायानं बी ऐकलं."

मग त्या निंबाखालच्या बाईकडे वळल्या. "बाई," त्यांनी हाक दिली, "सरळ सांग. आडून सांगनं लई महाग पडतंय."