बिनधाग्याची मिरची

दुपार कलली तरी शेडनेटच्या आत वारा शिरत नव्हता. माशी येऊ नये म्हणून विणलेली जाळी ती. वाऱ्यालाही माशीच समजत होती. अमीरबी मिरचीच्या ओळीत वाकली होती. मिटलेली कळी चिमट्यानं उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, उद्या सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचे पराग लावायचे आणि देठाला लाल धागा बांधायचा. सुलतानपूरच्या किती बाया हंगामभर हेच करत. बियाण्याचं क्रॉसिंग. डोळे शिणले की एका कळीच्या दोन दिसत.

पण आजचा शीण कळ्यांचा नव्हता. रात्री अलफियानं विचारलं होतं. पोरगी बारावी सायन्सला. अमीरबीच्या नवऱ्याच्या, मेहबूबच्या, पहिल्या बायकोची. ती माय गेली तेव्हा पोरगी रांगत होती, मग अमीरबीनंच वाढवली. कुणी काही लपवलं नव्हतं. वाचता वाचता पुस्तकातून मान वर करून ती सहज म्हणाली, माणसाचं सगळं मायबापाच्या बियांतून येतं, मग तुझं माझ्यात काय आलं? अमीरबी म्हणाली, निज. पोरगी निजली, हिचाच डोळा लागला नाही. आता ती डबा घेऊन येणार, आणि विचारलेलं सोडून देईल अशी ती नव्हे.

पानाआड एक मिरची दिसली. देठाला धागा नाही. म्हणजे कळी नजरेतून सुटली आणि झाडानं आपलं आपणच फळ धरलं. असली तोडून फेकायची असते. अमीरबीनं तोडली, पण फेकली नाही.

"सोजराबाई, झाडानं सोता केली ते खोटी, अन् आपण केली ते खरी. हे कोनं ठरवलं?"

"ज्याचं बियाणं त्यानं," पलीकडच्या ओळीतून सोजराबाई म्हणाली. "तू आपली कंबर सांभाळ." आणि स्वतःची कंबर धरून गुणगुणू लागली:

*वेल म्हणे फळ माझं, वारा म्हणे माझं माझं,*
*माती काही बोलेना, बाई, उचलते ओझं.*

अलफिया आली. तिघी बाहेर बांधावर बसल्या. डबा उघडला तर ठेचा घरीच राहिलेला. अमीरबीनं ओच्यात ठेवलेली बिनधाग्याची मिरची पुढं केली. पोरीनं भाकरीसोबत ती कचकन चावली, आणि तोंडातला घास गिळायच्या आत म्हणाली, "मंग सांग ना, अम्मी."

पुढचं बोलणं उचकीत अडकलं.

"हे उचकी तुह्या मायची," अमीरबी हळूच म्हणाली. "तिखट लागलं का तिले अशीच लागे. तुहे अब्बा सांगतात."

अलफियाचा हात पाण्याच्या बाटलीला ओलांडून अमीरबीच्या पदराच्या गाठीकडे गेला. गुळाचा खडा तिथंच असायचा, पोरगी चालायला लागली तेव्हापासून. गाठ सोडता सोडता ती थांबली.

"अन् हे कोनाचं?"

"खडा टाक तोंडात पयले," सोजराबाई म्हणाली. "शास्त्र मंग पाह्य."

अमीरबी गुडघ्यावर हात टेकून उठली. ओळ अर्धी बाकी होती. जाळीचा पडदा सारताना तिनं मागं पाहिलं. गालात गूळ धरून पोरगी अजून तिच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. उचकी थांबली होती.