झाकणावरची काळी रेघ

मी एक जुने झाकण आहे. डब्याचे नव्हे, मोटारीच्या इंजिनाचे. मिस्त्री लोक मला टॅपेट कव्हर म्हणतात. मित्रांनो, इंजिनाच्या डोक्यावर बसायचे आणि आत उसळणारे गरम तेल बाहेर येऊ द्यायचे नाही, एवढेच माझे काम. वितळलेले ॲल्युमिनियम वाळूच्या साच्यात ओतले आणि माझा जन्म झाला. मग मला घासूनपुसून असे चकचकीत केले की मिस्त्री माझ्यात बघून भांग पाडत. थोडा गर्व होताच, खोटे कशाला बोलू?

माझी गाडी जासईच्या काशिरामची. खाडीकाठच्या कितीतरी नवऱ्या त्याने त्या गाडीतून सासरी पोहोचवल्या. पण त्याच्या स्वतःच्या लेकीच्या, विनिताच्या लग्नादिवशीच इंजिन बंद पडले आणि पोरीची पाठवणी टेम्पोतून करावी लागली. ते त्याच्या मनाला फार लागले. दुरुस्तीसाठी त्याने मला काढून बाजूला ठेवले आणि काही महिन्यांतच तो वारला. गाडी पडवीत उभी राहिली, मी अंगणात उताणा पडलो. उताणे झाकण दिसते परातीसारखे. काशिरामची बायको गोदूबाई माझ्यात खारवलेली मासळी ठेवू लागली. पंचवीस वर्षे मीठ मला कुरतडत राहिले. कुठे इंजिनाचे डोके आणि कुठे ही बोंबलांची संगत. मला राग यायचा, पण सांगणार कोणाला?

गेल्या वर्षी विनिताच्या मुलीचे, समृद्धीचे, लग्न ठरले. सुकापूरचे स्थळ. गोदूबाईने एकच हट्ट धरला, की नात तिच्या आजोबांच्या गाडीतूनच सासरी जाणार. पनवेलचा मुश्ताक जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणण्यात नावाजलेला. तो गाडी न्यायला यायच्या आदल्या दिवशी गोदूबाईला लाज वाटली. परक्या माणसाच्या हातात मासळीच्या वासाची वस्तू कशी द्यायची? म्हणून तिने मला धुण्याच्या सोड्यात चांगले उकळले. कपड्यांचा मळ काढणारा सोडा ॲल्युमिनियमला मात्र खातो. मी काळाठिक्कर पडलो. एका बोल्टच्या भोकापासून केसाएवढी बारीक काळी रेघही अंगावर उमटली.

मुश्ताकने मला पाहून कपाळाला हात लावला. गोदूबाईचे तोंड एवढेसे झाले.

"फिकर नका करू, काकी," तो म्हणाला. "आरशासारखं करून देतो."

आणि त्याने केलेही. आधी अंगातले जुने तेल काढले. मग काचेच्या अगदी बारीक मण्यांचा मारा करून मिठाची घाण उडवली. शेवटी फिरत्या कापडी चाकावर धरून तीन दिवस पॉलिश केले. ती काळी रेघ कुठल्या कुठे गेली. शेजारचे दुकानदार मला बघायला येऊ लागले, आणि मी पुन्हा फुगलो.

हळदीला चार दिवस उरले असताना गोदूबाई दुकानात आली. सगळे वाहवा करत होते. तिने मात्र माझ्यावरून बोट फिरवले आणि एका जागी थांबवले.

"मुश्ताकभाई, हितं काली रेघ व्हती. ती कुठं गेली?"

"पुसली, काकी."

"पुसली का बुजली?"

मुश्ताक हसला. गोदूबाई हसली नाही.

"होरीला चीर गेली तं वरून रंग मारून दर्यात नाय नेत आमी. माजी नात बसनार हाय त्या गाडीत."

मुश्ताकचे हसू मावळले. ॲल्युमिनियम मऊ असते. पॉलिशचे चाक त्याची साय ओढून फटीवर पसरवते, आणि फट आतून तशीच राहते. हे त्याला ठाऊक होते, पण चमक बघता बघता तो विसरला होता. त्याने कोमट सोड्याचे पाणी त्याच जागी चोळले. तीन दिवसांची चमक डोळ्यांदेखत गेली. मग मला धुऊन, वाळवून त्याने आतल्या बाजूने रॉकेल ओतले आणि बाहेरून पांढरा खडू फासला. दोघे स्टुलांवर बसून वाट बघू लागले. थोड्या वेळाने खडूवर बोटभर लांबीची ओली रेघ उमटली.

ती चीर होती. गाडी चालली असती, तर गरम तेल तिथून झिरपून खालच्या तापलेल्या धुराच्या नळीवर पडले असते. आगीला आणखी काय लागते?

"गलती माझी, काकी," मुश्ताक खाली बघत म्हणाला. "तुमच्या सोड्याने ती दाखवली होती. मीच झाकली."

"आता गावली ना," गोदूबाई म्हणाली. "मंग कर नीट."

मुश्ताकने चीर कोरून काढली आणि आर्गन वेल्डिंगने सांधली. तिथे जाड शिवण राहिली. ती घासून सपाट केली असती तर सांधा पातळ झाला असता, म्हणून त्याने तशीच ठेवली. खरे सांगतो, मला वाईट वाटले. कधी काळी माझ्यात बघून लोक भांग पाडत होते, आणि आता हा व्रण.

लग्नाच्या दिवशी मुश्ताकने स्वतः गाडी चालवली. शेजारी गोदूबाई, मागे समृद्धी आणि तिचा नवरा. सुकापूरला पोहोचताच त्याने बॉनेट उघडले, खिशातला पांढरा रुमाल माझ्या शिवणीवरून दाबून फिरवला आणि गोदूबाईपुढे धरला. रुमालावर तेलाचा एक ठिपकाही नव्हता.

"सुकी हाय," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

मित्रांनो, बॉनेटखाली मी कोणाला दिसत नाही, आणि आता मला दिसण्याची हौसही उरलेली नाही. तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू दुरुस्त कराल, तेव्हा चकाकीच्या आधी तिची चीर शोधा. आणि एखादी म्हातारी विचारू लागली, की इथली रेघ कुठे गेली, तर तिला हसू नका. रॉकेल आणि खडू घेऊन या.