मनगटाचा दोष

बंदुकांचं दुकान चालवणाऱ्या रॉइस टीकलला वर्षभरात एका कंपनीची चाळीस पिस्तुलं खपवायची होती. खपली की कंपनी त्याला बायकोसकट आठवडाभर अलास्काला मासे धरायला नेणार होती. ऑक्टोबर उजाडला तेव्हा एकोणचाळीस गेली होती. अट एकच होती. तक्रार होऊन पिस्तूल परत आलं, तर ते आकड्यातून वजा. म्हणून नेब्रास्कातल्या आमच्या त्या दुकानात पिस्तूल कधी बिघडायचं नाही. बिघडायचं ते गिऱ्हाईक.

चाळिसावं पिस्तूल ओफेलिया बारेलानं नेलं आणि आठवड्यानं, सोमवारी, ती डबा घेऊन परत आली. गावाबाहेरच्या कत्तलखान्यात अकरा वर्षं ती बैलांच्या खांद्यांतून हाडं सोडवत होती. आता तिला बँकांची रोकड नेणाऱ्या गाडीवर पहारेकऱ्याची नोकरी लागत होती. शुक्रवारची नेमबाजीची परीक्षा तेवढी बाकी होती. पिस्तूल स्वतःचं आणायचं, गोळ्या पन्नास, आणि पिस्तूल अडलं तरी घड्याळ थांबत नाही.

"दर सहा-सात गोळ्यांनी अडतं," ती म्हणाली. "वरची स्लाइड मागं जाते, पण पुढं येताना केसभर उघडीच राहते. मग चाप ओढला तरी काही नाही."

रॉइसनं डबा उघडलासुद्धा नाही. "किती झाडल्यात?"

"शंभर."

"मग? नवं आहे हो ते. पाचशे झाडल्याशिवाय रुळत नाही."

"म्हणजे अर्धं कारखान्यानं बनवायचं आणि उरलेलं मी?"

काउंटरपाशी कायम ठाण मांडून बसणारा डुएन कॉफीच्या कपात हसला. "बाई, मनगट ढिलं सोडलं की असंच होतं. बायकांचं होतं तसं."

"मनगटच," रॉइस लगेच म्हणाला आणि कमरेचं आपलं पिस्तूल काढून दाखवलं. "हेच मॉडेल. डब्यातून काढलं तसं. दोन हजार गोळ्या झाल्या, एकदा अडलं नाही."

मागं माझ्या कामाच्या बाकाशी कानस घेऊन मी बसलो होतो. बंदुका दुरुस्त करणारा मी. रॉइसचं पिस्तूलही डब्यातून निघालं तेव्हा अडत होतं. नळी स्लाइडमध्ये जिथं बसते, ती जागा पूर्वी कारखान्यात एक माणूस हातानं घासून जुळवायचा. कंपनीनं तो माणूस काढला, किंमत तीच ठेवली. रॉइसच्या पिस्तुलावर मी तीन दुपारी घातल्या होत्या. पण माझा बाक रॉइसच्या छपराखाली, तोही बिनभाड्याचा. मी कानस पुसत राहिलो. एवढी स्वच्छ कानस साऱ्या नेब्रास्कात नसेल.

ओफेलियानं आपल्या मनगटाकडं पाहिलं, गोळ्यांचे चार डबे घेतले आणि गेली.

शनिवारी ती आली तेव्हा आवाज चढलेला नव्हता. ते जास्त वाईट होतं.

"चार दिवस मनगट आवळून झाडत होते. काल शेवटच्या वीस गोळ्यांना हात थरथरायला लागला. परीक्षक विचारतो, एवढं आवळून धरायला कुणी शिकवलं? आणि तरी पाच वेळा अडलंच. जागा दुसऱ्याला दिली."

"वाईट झालं, बाई. पण मनगट..."

"रॉइस, गप बस," मी म्हणालो. "तुझं मनगट चालेल ना? घे तिचं पिस्तूल आणि मागं चल."

डुएन बघत होता, म्हणून रॉइसला यावं लागलं. दुकानामागच्या मातीच्या बांधावर त्यानं झाडायला सुरुवात केली. चौथ्या गोळीला अडलं. त्यानं थाप मारून पुन्हा सुरू केलं. आणखी दोन गोळ्या, पुन्हा अडलं.

"गोळ्या हलक्या आहेत," तो म्हणाला.

"तुम्ही विकल्यात त्याच आहेत," ओफेलिया म्हणाली.

"रॉइस, तुझं पिस्तूल डब्यातलं नाही, माझ्या बाकावरचं आहे," मी म्हणालो. "आणि डुएन, तूही हेच नेलंस. अडतं की नाही?"

डुएन बुटांकडं बघत म्हणाला, "कधीमधी. मला वाटलं, माझंच..." पुढचा शब्द त्यानं गिळला.

ओफेलिया माझ्याकडं वळली. "सोमवारी तुम्ही इथंच होतात ना, मर्ल?"

"होतो."

"ऐकत होतात?"

"हो."

"मग त्यांच्यापेक्षा तुमचा राग जास्त येतो. ते निदान माल विकत होते."

दोष आता ठाऊक होता, दोन तासांत मी पिस्तूल जुळवून दिलं. तिनं खुर्ची घेतली नाही, उभी राहिली. मग सलग शंभर झाडून पाहिल्या. सगळ्या सुटल्या.

आता कुणी काय भरलं ते सांगतो. कंपनीनं ओफेलियाच्या तक्रारीवर एक कागद भरला: पिस्तूल मापात आहे. मी दुरुस्त केल्यामुळं ते परत गेलं नाही, वजाही झालं नाही. चाळीस पुरी झाली आणि रॉइस अलास्काला गेला. येताना हाताएवढ्या माशासोबत फोटो काढून आला. माझा बाक रॉइसनं आठवड्यात बाहेर काढला आणि तो आता घरच्या गॅरेजमध्ये आहे, म्हणजे फार काही गेलं नाही. डुएननं काहीच भरलं नाही. त्याचं पिस्तूलही मी फुकट जुळवून दिलं. बाकी सगळं ओफेलियानं भरलं: पिस्तूल, गोळ्या, परीक्षेची फी आणि ती नोकरी. पुढची परीक्षा एप्रिलमध्ये आहे. तोवर कत्तलखान्यात दिवसाला अडीचशे खांदे, त्याच मनगटानं.