माझा रंगवलेला दात

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. हातानं घासतात ती नव्हे, टेबलवाली! लोखंडी टेबल, त्याला मधोमध एक फट आणि त्या फटीतून डोकं वर काढणारं माझं गोल पातं. पात्याला चाळीस दात, सगळे जागच्या जागी. तुमच्या आजोबांना विचारा बरं, त्यांचे किती उरलेत!

कारखान्यात मला घडवलं, तेव्हा पात्याच्या शेजारी टेबलावर एक लांब, सरळ खाच पाडली. माझा सगळा मान त्या खाचेवर. पातं आणि खाच कशी, आगगाडीच्या रुळांसारखी राहिली पाहिजेत. दोघांत पुढे जेवढं अंतर, मागेही तेवढंच. मग बघा, लाकूड लोण्यासारखं कापते की नाही!

मिस्त्रींनी मला आणलं, तेव्हा त्यांचे केस काळे कुळकुळीत होते. तीस वर्षं आम्ही दोघांनी दारं केली, कपाटं केली, एकदा तर एका बोक्यासाठी घर केलं. बोका त्यात पाऊल टाकेना, तो खोक्यातच झोपायचा. पण घराचे सांधे बघून मालकीणबाई म्हणाल्या, "मिस्त्री, जोड कुठंय तेच कळत नाही हो!" मिस्त्रींनी मला थोपटलं. "ही कमाल हिची," म्हणाले. त्या दिवशी मी उगाचच जास्त घुंइंइं केलं.

मग एकदा भिंत रंगवायची निघाली. मला हलवायला चार पैलवान आले. खालचा सांगाडा धरायचा सोडून चौघांनी मला टेबलाच्या कडांना धरून उचललं. म्हणजे तुम्हाला कान धरून उचलल्यासारखंच की! पातं खालच्या सांगाड्यात जागेवरच राहिलं, पण टेबलाचे चारही बोल्ट जरासे सरकले आणि खाच तिरकी झाली. किती? नखाच्या जाडीएवढी. कुणाला पत्ताच नाही.

नेमकं तेव्हाच एका शाळेच्या बाकांचं काम आलं. पहिली फळी कापली, कड जळून काळी. दुसरी तशीच. तिसरी पात्याच्या मागच्या बाजूला अडकली आणि उलटी उसळून मिस्त्रींच्या पोटात बसली. मिस्त्री खालीच बसले. मला ओरडून सांगायचं होतं, "अहो, मी वाकडी झालेय!" पण मला बोलता कुठं येतं? नुसती घरघरले.

मिस्त्री कच्चे नव्हते. त्यांनी प्लग काढला, मोजपट्टी घेतली. खाचेपासून पुढच्या दातापर्यंत मोजलं, मग मागच्या दातापर्यंत मोजलं. अंतर सारखं! दहादा मोजलं, दहादा सारखं. बराच वेळ ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मग शाळेच्या बाईंना फोन लावला. "बाई, बाकं दुसरीकडून करून घ्या. माझे हात गेले आता." माझ्यावर एक पोतं टाकलं आणि दाराला कुलूप.

मित्रांनो, आठ दिवस मी पोत्याखाली होते. वर रंगाचे उरलेले डबेही ठेवले होते. त्याचं वाईट वाटलं नाही एवढं. पण चूक माझ्या बोल्टांची आणि शिक्षा त्या हातांना! हे मात्र सलत होतं.

नवव्या दिवशी मिस्त्रींची थोरली बहीण आली. आल्या आल्या मिस्त्रींना कुलूप उघडायला लावलं, डबे उतरवले आणि पोतं ओढलं.

"काय रे धाकट्या, रिटायर झालास म्हणे? मला विचारलंस?"

"ताई, करवत सरळ आहे गं. मीच वाकडा झालोय."

"मोजून दाखव."

मिस्त्रींनी मोजून दाखवलं. ताईनं माझ्या दातांवरून बोट फिरवलं. "हा दात उजवीकडे झुकलाय, हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे."

"तसेच असतात ते."

"मग पुढे एक दात मोजतोस आणि मागे दुसराच? अरे, सकाळी माझी उंची मोजायची, संध्याकाळी शेजारणीची, आणि म्हणायचं, बाई काही वाढली नाही!"

मिस्त्रींनी आ वासला. तीस वर्षं मी कधी बिघडलेच नव्हते, त्यामुळे ही मोजणी त्यांना कधी नीट करावीच लागली नव्हती! ताईनं पिशवीतून लालभडक नेलपॉलिश काढलं.

"या वयात, ताई?"

"गप्प बस. मोज."

एक दात रंगवला. तो पुढे आणून मोजला, मग पातं हातानं फिरवून तोच मागे नेऊन मोजला. फरक निघाला! आधी दुसऱ्या दाताच्या झुकावानं तो झाकला होता. मिस्त्रींनी बोल्ट ढिले केले, टेबलाला लाकडी ठोकळा लावून हळूच टकटक केलं, पुन्हा मोजलं. टकटक, मोज. टकटक, मोज. अंतर जुळलं, बोल्ट आवळले.

मग प्लग जोडून फळी लावली. ताई म्हणाली, "बाजूला उभा राहा, पोट वाचव." मी श्वास रोखला, म्हणजे रोखला असता. फळी सरसर पुढे गेली. कड गोरीपान! मिस्त्रींनी तिच्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि नाक पुसत फोन उचलला.

"बाई, बाकं दिली का कुणाला? नाही ना? मग मीच करतो. तब्येत? माझी ठणठणीत आहे हो, करवतीची बिघडली होती!"

मित्रांनो, आम्हा यंत्रांना उचलताना जपून उचला, हात लावण्याआधी प्लग काढा. आणि एखादं काम बिघडलं, तर काम करणाऱ्याला लगेच मोडीत काढू नका. तो करणारा तुम्ही स्वतः असलात, तर मुळीच नको. आधी नीट मोजा. एकदा तरी तोच दात धरून.