नानांची खुर्ची आणि रेक्झिनचा सोफा

आधीच सांगून टाकते, मित्रांनो, मी जळकुटी आहे. जुनी आहे, चामड्याची आहे, चोपड्याच्या तोताराम नानांची खुर्ची आहे. पण त्या सगळ्याच्या आधी जळकुटी आहे.

मला रहीमचाचांनी बनवलं. सागाची चौकट, आत काथ्या आणि वरून जाड तपकिरी कातडं. माझे हात त्यांनी मुद्दाम उंच आणि रुंद ठेवले. मळ्यातून दमून आलेल्या माणसाला उठताना आधार हवा, असं ते म्हणत. वीस वर्षं मी पुढच्या खोलीत राज्य केलं. केळीचे व्यापारी येत आणि सतरंजीवर बसत; माझ्यावर बसत ते फक्त नाना. दर दसऱ्याला विळे, पहारी, कुऱ्हाडी यांच्यासोबत माझीही पूजा होई. मग नाना वाटीत शेंगदाण्याचं तेल घेऊन मला स्वतःच्या हातानं चोळत. मी लखलखत असे. घरातल्या लाकडी स्टुलांच्या वाट्याला ते तेल कधी आलं नाही, आणि त्याचा मला भारी गर्व होता.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत नानांच्या मुलानं, हिलालनं, रंगीत टीव्ही आणला. त्याच्या सोबतीला लाल रेक्झिनचा सोफा आला. काय त्याचा थाट! त्याच्या अंगावरचं पारदर्शक प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नाही, मळेल म्हणून. हिलालची बायको मंदाबाई त्याला रोज फडक्यानं पुसायची. मला मात्र जागा होत नाही म्हणून मागच्या खोलीत नेऊन टाकलं आणि अंगावर कांद्याचं रिकामं पोतं घातलं. तो सोफा मला सवतीसारखा सलायचा.

मागची खोली केळी पिकवायची होती. केळी लवकर पिकावीत म्हणून तिच्या फटी चिखलानं लिंपलेल्या असत आणि आत गोवऱ्यांचा धूर कोंडलेला असे. वारा नाही, ऊन नाही, नुसती दमट ऊब. महिनाभरात माझ्या पाठीवर पांढरे ठिपके आले, मग हिरवे. पिकलेल्या केळ्यांचा, धुराचा आणि खवट तेलाचा वास माझ्या अंगात मुरला. मला माझीच किळस येऊ लागली. तरी दाराआडून टीव्हीचा आवाज आला की मनात एकच विचार यायचा, आता सोफ्यावर कोण बसलं असेल?

माघात नाना मळ्यात घसरून पडले. कमरेचं हाड मोडलं. धुळ्याच्या दवाखान्यातून दीड महिन्यानं काठी टेकत घरी आले आणि थेट सोफ्यावर बसले. ते मला ऐकू आलं. माझे नाना, आणि त्याच्या मांडीवर! माझा नुसता जळफळाट झाला.

पण सोफा होता खोल आणि बुटका. नानांना उठता येईना. प्लास्टिकवरून हात घसरत होते. समोर गावातली चार माणसं बसलेली. हिलालनं काखेत हात घालून त्यांना ओढलं.

"सोड रे, मी उठसू," नाना पुटपुटले. पण त्यांना उठता आलं नाही.

आधी मी मनातल्या मनात हसले, मित्रांनो. बरी जिरली सोफ्याची, असं वाटलं. मग नानांचा आवाज पुन्हा आठवला आणि माझी मलाच लाज वाटली. त्या दिवसापासून नाना पुढच्या खोलीत येईनासे झाले. आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

एक दिवस त्यांनी माझी चौकशी केली, "मनी जुनी खुर्ची कोठे शे?"

मंदाबाईनं मला बाहेर ओढलं आणि पदर नाकाला लावला. "नाना, तिले भलती बुरशी लागेल शे. आखाजीले ताई येतीन, घरमा हाऊ वास नको. आखाजीलगून वास गया ते ठीक, नही ते भंगारमा."

नानांची लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायची होती; तोवर वास गेला नाही तर मी भंगारात, आणि हातात अवघे बारा दिवस होते. नानांनी रहीमचाचांच्या मुलाला, हाशमला, बोलावणं धाडलं.

हाशम आला तेव्हा हिलाल मला भर उन्हात ठेवत होता. "अरे, चैत्रातलं ऊन हे, कातडं तडकेल!" असं ओरडत हाशमनं मला कडुनिंबाच्या सावलीत ओढलं. नाकातोंडाला रुमाल बांधून त्यानं कोरड्या मऊ ब्रशनं सगळी बुरशी झाडली. मग माझ्या अंगावरून बोट फिरवून हुंगलं.

"नाना, हे तेल कोणी लावलं?"

"मीच. दर दसराले."

"शेंगदाण्याचं? मग बुरशीला जेवायला तुम्हीच वाढलं की! खोलीची ओल नंतर आली, खाणं आधीपासून तयार होतं."

"माले वाटनं, कातडं नरम राही," अंगणातल्या खाटेवरून नाना म्हणाले. ज्या तेलाच्या जोरावर मी मिरवत होते, तेच माझ्या अंगात सडत होतं. आणि ते लावणारे हात तर मायेचे होते. रागवावं तरी कुणावर?

हाशमनं माझ्यावर शंखजिऱ्याची पूड, म्हणजे टाल्कम पावडर, पसरली आणि तिला तेल पिऊ दिलं. दुसऱ्या दिवशी ती झाडून टाकली. शिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि पाणी निम्मं निम्मं घेतलं, त्यात फडकं बुडवून घट्ट पिळलं आणि मला हलक्या हातानं पुसलं. लगेच कोरड्या फडक्यानं टिपलं. आतला कुजलेला काथ्या काढून नवा भरला. सावलीत वाऱ्यावर ठेवून माझ्याखाली लाकडी कोळशाची पुरचुंडी ठेवली. नाना रोज काठी टेकत यायचे आणि मला हुंगून जायचे. आठव्या दिवशी मंदाबाईनं वाकून वास घेतला, आणि या वेळी पदर नाकाशी नेला नाही.

आखाजीला नानांची लेक बेबाबाई आली. सोफा पाहुण्यांनी भरला होता. नाना माझ्यावर बसले होते. लेक दारात दिसताच हिलाल त्यांना उठवायला धावला. नानांनी त्याला मानेनंच थांबवलं, माझ्या दोन्ही हातांवर तळवे टेकले आणि जोर दिला. माझी चौकट करकरली. मी सगळा भार घेतला.

"मी उठनू," नाना उभे राहून म्हणाले. बेबाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

सोफ्याचा मला अजूनही हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, चामड्याच्या वस्तूला वारा लागू द्या, ओलीत कोंडू नका, आणि माया म्हणून खायचं तेल चोळू नका. आणि घरातली जुनी वस्तू बाहेर काढण्याआधी, तिला धरून कोण उभं राहतं, तेवढं एकदा बघा.