करून राहिली

पुण्यात जपानी शिकायला गेले आणि पहिल्याच आठवड्यात वर्गात माझं हसं झालं. शेजारच्या मुलीनं विचारलं, काय चाललंय? मी म्हणाले, "लिहून राहिली." ती हसली, मग तिची मैत्रीण हसली, मग सगळा वर्ग. पुढे वर्षभर मुली मला जिन्यात गाठून विचारायच्या, "तारा, लिहून कुठे राहिलीस गं?" त्या दिवसापासून मी मोर्शीची वऱ्हाडी भाषा गुंडाळून माळ्यावर टाकली आणि जपान अंगभर पांघरला.

पांघरला म्हणजे किती? फोनवर बोलतानाही मी कमरेत वाकायची. चपला दाराकडे तोंड करून ठेवायची. बिनदुधाचा हिरवा चहा घोट घोट प्यायची आणि तो गवतासारखा लागतो हे स्वतःलाही सांगायची नाही. "तुम्ही वऱ्हाडातल्या वाटतच नाही हो," असं एक बाई म्हणाल्या, तर ते वाक्य मी प्रमाणपत्रासारखं जपलं. आईचा रोज मोर्शीहून फोन यायचा, "काय करून राहिली वं?" मी म्हणायची, "आई, 'काय करते आहेस' असं म्हण." "बरं माय," आई म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायची.

पुढे मी अकोल्यात औषधाच्या एका दुकानावरच्या खोलीत क्लास काढला. विद्यार्थिनी सात, सगळ्यांना जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या नोकरीवर जायचं होतं. दारावर मी पाटी लावली: 'येथे जपानी किंवा शुद्ध मराठीच बोलावी.' पाटीच्या बाहेर त्या मनसोक्त बोलत आणि आत आल्या की मुक्या होत. मला वाटायचं, शिस्त लागली.

सातांमधली जमुना पातूरहून एसटीनं यायची. वय एकोणतीस. तिनं सासूचं पक्षाघाताचं आजारपण सहा वर्षं काढलं होतं आणि सासूच्या पाठीला झोपून झोपून होणारी एकही जखम होऊ दिली नव्हती. आता एका दवाखान्यात ती हेच काम करायची. "इथं मले 'ए बाई, इकडे ये' म्हणतात," ती मला म्हणाली होती. "जपानात या कामाले नाव आहे, परीक्षा आहे. मले तिथं जाऊन हे काम करायचं आहे, सेन्सेई मॅडम." सेन्सेई म्हणजेही बाईच, पण तिला दोन्ही लावायची सवय. मला जपानची फुलं आणि वाकणं आवडत होतं. तिला तिथली म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची खुर्ची आवडली होती.

पण जमुना नोकरी देणाऱ्या जपानी संस्थेच्या ऑनलाइन मुलाखतीत दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा एकाच जागी. त्यांनी विचारलं, सध्या काम करताय का? तिनं उत्तर दिलं, "हाताराकिमास." म्हणजे काम करीन. दवाखान्यात चार वर्षं राबणारी बाई त्यांना रिकामी वाटली. 'करते आहे' यासाठी जपानीत क्रियापदाला 'ते' लावून पुढे 'इमास' म्हणावं लागतं आणि ते तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. मी शुद्ध मराठीत समजावून थकले. "लिहीत आहे, यातला 'ते' कोन्ता, मॅडम?" ती विचारायची. मी चिडायची आणि तेच पुन्हा मोठ्यानं सांगायची. तिसरी मुलाखत अमरावतीत होती, समोरासमोर. त्या संस्थेकडे तीनपेक्षा जास्त वेळा बसता येत नसे.

मुलाखतीला आठ दिवस उरले असताना मी फळ्यावर 'काइते इमास' लिहिलं, लिहिते आहे. तेवढ्यात जमुनाचा फोन वाजला. नवरा होता, गोपाल. "क्लासात आहो मी," ती कुजबुजली. "लिहून राहिली. ठेवा बरं." मग पाटी आठवून तिनं जीभ चावली. "चुकलं मॅडम. लिहीत आहे."

मी फळ्याकडे पाहिलं. काइते, लिहून. इमास, राहणे. लिहून राहिली. शब्दाला शब्द! पुण्यात ज्या वाक्यावरून मी मान खाली घातली, ते वाक्य जपानी माणूस रोज सकाळ-संध्याकाळ बोलतो आणि हे मला नऊ वर्षं दिसलं नव्हतं. मला माझी इतकी लाज वाटली, की मी खडू ठेवून दिला.

"जमुनाताई," मी म्हणाले, "पुन्हा म्हणा. तुमच्या बोलीत."

"मॅडम, ते पाटी..."

मी पाटी काढली आणि टेबलाखाली टाकली. पुढचा तासभर खोलीत नुसता कल्ला. "ताबेते इमास!" "खाऊन राहिली!" "मात्ते इमास!" "वाट पाहून राहिली!" "माय वं," सीमा नावाची मुलगी म्हणाली, "जपानी लोक वऱ्हाडीच हायेत की!"

आठ दिवसांनी आम्ही मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला पोहोचलो. सोबत संत्र्यांच्या दोन पिशव्या घेऊन गोपाल. बडनेरा रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये तिघे जपानी बसले होते. मधोमध हिरानो-सान, समुद्रकाठच्या एका गावातल्या वृद्धाश्रमाच्या प्रमुख, साठीच्या पुढच्या बाई. शिक्षकांनी मागे बसायचं, तोंड उघडायचं नाही, असा नियम.

पहिला प्रश्न तोच आला. जमुनानं श्वास घेतला. "हाताराइते इमास." काम करून राहिली. मी मागे मूठ आवळली.

मग कामाची परीक्षा. पलंगावर एक पुतळा झोपवला होता, त्याला कुशीवर वळवायचं होतं. जमुना आधी त्याच्या कानाशी वाकली, "आता वळवते हं" असं जपानीत म्हणाली आणि मगच हात लावला. हिरानो-सान पुढे सरकून बघू लागल्या.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि कागद चाळत एका साहेबांनी सहज विचारलं, "केक्कोन शिते इमास का?"

मी खुर्चीच्या कडेवर आले. याचा अर्थ, तुमचं लग्न झालेलं आहे का? जपानीत लग्न एकदा केलं की माणूस त्यात राहतो. पण शब्दशः वऱ्हाडीत होतं, लग्न करून राहिली का? हा खड्डा मी दाखवलाच नव्हता.

जमुना चकित झाली. "नाही," ती ठाम जपानीत म्हणाली. "आत्ता मी मुलाखत देऊन राहिली."

साहेबांनी कागद पाहिला. त्यावर नवऱ्याचं नाव होतं. कपाळाला आठ्या पडल्या. काहीतरी बिनसलंय हे जमुनाच्या ध्यानात आलं. तिनं माझ्याकडे वळून बघितलंही नाही. "लग्न अकरा वर्षांपूर्वी केलं," तिनं खुलासा केला. "आता करून राहिली नाही."

जपानी कानांना म्हणजे घटस्फोट! मी डोळे मिटून घेतले.

"पण," जमुना दाराच्या काचेकडे हात करून म्हणाली, "नवरा बाहेर वाट पाहून राहिला. मात्ते इमास."

तिघांनी वळून पाहिलं. काचेपलीकडे गोपाल दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभा. सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर तो घाबरला आणि पिशव्यांसकट कमरेत वाकला. हिरानो-सान अशा हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. आठ्यावाले साहेबही हसले.

"हे असं बोलायला कोणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं. जमुनानं माझ्याकडे बोट दाखवलं, मग मान हलवली. "आमच्या, मॅडमच्याही, गावाकडच्या भाषेत असंच आहे. शहरात हसतात."

हिरानो-सानचं हसू थांबलं. त्या माझ्याकडे वळल्या. "आमच्या गावात 'शिते इमास' म्हणत नाहीत, 'शितोरु' म्हणतात," त्या म्हणाल्या. म्हणजे तेच 'करून राहिली', पण त्यांच्या गावाकडचं. "अठराव्या वर्षी टोकियोला गेले, तर मुली हसल्या. वर्षभर मी तोंड उघडलं नाही. तुम्ही किती वर्षं?"

नियम मोडून मी तोंड उघडलं. "नऊ वर्षं," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि जमुनाकडे पाहून म्हणाल्या, "आमच्या आश्रमातल्या आजीबाई 'शितोरु'च बोलतात. यांना त्यांचं समजेल." मग तिथल्या तिथे कागदावर लाल शिक्का उमटवला.

जमुना बाहेर धावली. "झालं वो! झालं!" गोपालनं पिशव्या खाली टाकल्या, संत्री हॉटेलभर गडगडत गेली आणि हिरानो-सान स्वतः वाकून ती गोळा करू लागल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आई.

"काय करून राहिली वं?"

"रडून राहिली, आई," मी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले. "आनंदानं रडून राहिली!"